'मग बघू'ला नाही म्हणणाऱ्या सात मुलींसाठी

प्रति,
मा. मुख्याध्यापक, स्नेहसंमेलन समितीचे सर्व सदस्य
आणि पालक-शिक्षक संघ

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी नववीतल्या एका मुलीची आई. घरी शिलाईकाम करते. गणवेश उसवला, स्कर्ट आखूड झाला, पँटची चेन बिघडली की शाळेतली निम्मी मुलं माझ्याकडेच येतात, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना मी ओळखते आणि तुम्ही मला. या वर्षीच्या गॅदरिंगसाठी मी सात मुलींचे सात पांढरे ड्रेस शिवले. इचलकरंजीचं पॉपलिन आणलं, कॉलरला कॅनव्हास घातला, काजं हाताने केली. पंधरा दिवस या मुली संध्याकाळी आमच्या गच्चीवर सराव करत होत्या. गेल्या सोमवारी त्यांचा नाच यादीतून काढला गेला.

कारणं तोंडी सांगितली गेली. गाणं परदेशी आहे. त्याचा अर्थ कुणाला कळत नाही. जेवढा कळतो तेवढा मोठ्यांना 'नाही' म्हणायला शिकवणारा आहे. आणि पुढच्या वर्षी यांची दहावी आहे, आता हे नाद पुरे. मी दोनदा शाळेत येऊन गेले. दोन्ही वेळा 'मग बघू' असं उत्तर मिळालं. गॅदरिंग तोंडावर आलंय, म्हणून सगळ्यांना एकदमच लिहिते आहे.

गाण्याचं नाव 'एन.ओ.' दक्षिण कोरियातल्या बीटीएस या सात मुलांच्या गटाचं हे गाणं ११ सप्टेंबर २०१३ ला आलं. तेव्हा त्यांना जगात कुणी ओळखत नव्हतं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचं पहिलं गाणं आलं होतं. गटाचा म्होरक्या आरएम दुसऱ्या दिवशी एकोणीस वर्षांचा होणार होता आणि सगळ्यात धाकट्याला सोळा वर्षं पूर्ण होऊन दहा दिवस झाले होते. जिमिन आणि व्ही हे दोघे त्या वर्षी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात होते, म्हणजे आपल्या बारावीत. आरएम आणि शुगा यांची नावं या गाण्याच्या लेखनात आहेत. शाळेबद्दल बोलणारी ही मुलं शाळेत तरी होती, नाहीतर शाळेतून बाहेर पडून त्यांना फार वर्षं झाली नव्हती. कुणा पन्नाशीतल्या कवीने लांबून केलेली ही कविता नाही.

हे सगळं मला कसं कळलं, तर मुलींच्या वहीतून. शंभर पानी वहीत त्यांनी गाण्याची एकेक ओळ कोरियन अक्षरांत, खाली देवनागरीत आणि त्याखाली मराठी अर्थ अशी लिहून काढली आहे. इतिहासाच्या धड्याला त्यांनी एवढी मेहनत घेतली असती तर, असं तुम्ही म्हणाल. मी खरंच सांगते, मी माझ्या मुलीला कुठल्याही विषयात इतकं खोल शिरताना आजवर पाहिलं नव्हतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांमध्ये कोरियनचं नाव आहे. आपल्या शाळेत ती शिकवणारं कुणी नाही, म्हणून या मुलींनी ती स्वतः सुरू केली.

अर्थ सांगते. गाण्यातला मुलगा विचारतो, चांगलं घर आणि चांगली गाडी, हेच सुख का? पुढे एक ओळ आहे तिच्यावर मुलींनी अर्धं पान लिहिलंय. त्या ओळीत 'इन सोल' आणि 'स्काय' असे दोन शब्द येतात. 'इन सोल' म्हणजे सोल शहरातल्या कॉलेजात प्रवेश मिळणं, हा तिथल्या मुलांचा रोजचा शब्द. 'स्काय' म्हणजे आकाश खरं, पण ती सोल नॅशनल, कोरिया आणि योन्से या तीन विद्यापीठांची आद्याक्षरं आहेत, एस, के, वाय. तिथल्या आईबापांचं आकाश या तीन दारांएवढं. आणि लगेच मुलगा विचारतो, मी तिथे पोचलो तर आईबाबा खरंच सुखी होतील का?

ही ओळ मुलीने मला वाचून दाखवली तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि मी पाचव्या ड्रेसची कॉलर जोडत होते. माझा पाय मशीनवर थांबला. हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी मनात हिशोब मांडला. समजा हिला दहावीत पंचाण्णव टक्के पडले. मी किती दिवस सुखी राहीन? निकालाच्या दिवशी पेढे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला सत्त्याण्णव असल्याचं कळणार. मग अकरावीच्या प्रवेशाच्या याद्या, मग नीट की जेईई, मग क्लासची फी, मग पुढचा निकाल. माझं सुख मला कुठे थांबलेलं दिसेना. आणि ज्या सुखाचा मलाच पत्ता नाही त्याच्यासाठी मी तिला रोज सकाळी साडेपाचला उठवते. मी हे तिला बोलून नाही दाखवलं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्हीही पालक आहात.

गाण्यात पुढे शाळा, घर आणि कॉम्प्युटर गेमचं दुकान एवढ्यातच फिरणाऱ्या मुलांचं वर्णन आहे. पहिला नंबर आला पाहिजे, जिवलग मित्राच्याही खांद्यावर पाय देऊन पुढे गेलं पाहिजे, हे आम्हाला कोणी शिकवलं, असं ती मुलं विचारतात. आम्हाला अभ्यासाचं यंत्र कुणी केलं? मोठी माणसं म्हणतात, थोडेच दिवस कळ काढ, बाकी सगळं नंतर. आणि मग ते प्रसिद्ध 'नो' येतं. समितीने ते ऐकलं आणि ते मोठ्यांना उद्देशून आहे असं समजून घेतलं. पण त्या मुलांचं 'नाही' त्या 'नंतर'ला आहे. आता 'नंतर' म्हणून चालणार नाही, दुसऱ्याच्या स्वप्नात कोंडून घेऊ नका, एवढंच ती म्हणतात. अभ्यास सोडा, शाळा सोडा, आईबापांशी भांडा, असं त्या गाण्यात कुठेही नाही. मुलींनी तर सांगितलं की 'एन.ओ.' या दोन अक्षरांचा विस्तार 'नो ऑफेन्स' असा करतात, म्हणजे राग मानू नका.

आपल्या घरांमध्ये त्या 'नंतर'ला 'मग बघू' म्हणतात. आधी दहावी होऊ दे, मग बघू. मला शाळेत असताना चित्रकलेची ओढ होती. एलिमेंटरीला मला ए ग्रेड मिळाली. इंटरमिजिएटला बसायचं होतं, तर दहावी झाल्यावर बघू असं ठरलं. दहावी झाली, बारावी झाली, लग्न झालं. माझे वडील दुष्ट नव्हते, माझ्या भल्यासाठीच ते बोलत होते, आणि आज माझ्या हातात कला आहे, तिच्यावर घर चालतं. मला फक्त एवढं माहीत आहे की 'मग' हा दिवस कॅलेंडरात नसतो.

कोरियाबद्दल मुलींनी वहीत जे लिहिलंय ते वाचून मला ते गाणं जास्त कळलं. तिथे दर वर्षी नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सुनुंग नावाची कॉलेजप्रवेशाची परीक्षा असते. पाच लाखांच्या आसपास मुलं एकाच दिवशी बसतात. सकाळी आठ चाळीसला पेपर सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत एकामागून एक पेपर चालतात. इंग्रजीचा ऐकण्याचा भाग असतो तेव्हा आवाज नको म्हणून पस्तीस मिनिटं देशभर विमानं उतरत नाहीत की उडत नाहीत. शेअरबाजार तासभर उशिरा उघडतो. कुणी मूल उशिरा निघालं तर पोलीस त्याला मोटारसायकलवर बसवून केंद्रावर सोडतात. आया देवळांत आणि चर्चमध्ये प्रार्थनेला बसतात. परीक्षेआधी मुलांना चिकट तांदळाची मिठाई खायला देतात, कारण ती चिकटते, तसा प्रवेशही चिकटावा म्हणून. समुद्री शेवाळाचं सूप मात्र त्या दिवशी देत नाहीत, ते बुळबुळीत, मूल घसरेल म्हणून. मी मुलीच्या हातावर दही-साखर ठेवते तेव्हा माझ्या मनात हेच असतं. त्या आया मला परक्या वाटल्या नाहीत.

तिथे जुनी म्हण आहे, चार तास झोपलास तर पास, पाच तास झोपलास तर नापास. शाळा सुटल्यावर मुलं रात्री उशिरापर्यंत शाळेतच अभ्यासाला बसायची, त्याला याजा म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ रात्रीचा स्वयंस्फूर्त अभ्यास, पण कित्येक शाळांत तो सक्तीचा असे. त्याच्यावर पुन्हा खासगी क्लास, त्यांना हॅगवॉन म्हणतात. हे क्लास मध्यरात्रीपर्यंत चालू लागले तेव्हा सोलमध्ये रात्री दहानंतर क्लास बंद असा नियम करावा लागला. त्याविरुद्ध लोक कोर्टात गेले, आणि २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने नियम योग्य ठरवला. विचार करा, मुलांनी रात्री दहाला घरी जावं हे एका देशाच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाला सांगावं लागलं. त्याआधी १९८० मध्ये लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली होती. ती २००० साली त्याच न्यायालयाने रद्द केली. २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं की शाळेत न शिकवलेले, फक्त क्लासवाल्या मुलांना सुटतील असे 'किलर' प्रश्न सुनुंगमधून काढा. आणि तरीही २०२४ मध्ये कोरियातल्या कुटुंबांनी शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर २९ लाख कोटी वॉनहून अधिक खर्च केला. त्या वर्षी दर दहातल्या आठ मुलांना काही ना काही शिकवणी होती. किशोरवयीन मुलांच्या मृत्यूचं तिथलं पहिलं कारण आत्महत्या आहे. हे वाक्य वहीत एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. कुठल्या मुलीने लिहिलं ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मुलीला दार लावून झोपू नकोस असं सांगायच्या ऐवजी मी तिच्याशी बोलत बसते.

म्हणजे बंदीने झालं नाही, नियमाने पुरतं झालं नाही, कोर्टानेही झालं नाही. ते गाणं या सगळ्याच्या मधून आलं आहे. आपल्याकडे लातूर पॅटर्न आहे, कोटा आहे, इंटिग्रेटेड कॉलेजं आहेत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने घेऊ नये. तरी आपल्या शाळेच्या भिंतीला लागून 'आठवीपासून फाउंडेशन बॅच' असा फ्लेक्स लागलेला आहे. तो उतरवा असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि या मुलींचा नाच मात्र एका बैठकीत काढला.

असं गाणं कोरियात पहिल्यांदा आलं तेही नाही. १९९४ मध्ये सो तायजी अँड बॉइज या गटाने शाळेवरच एक गाणं केलं होतं. रोज सकाळी साडेसातला आम्हाला छोट्याशा वर्गात कोंबतात आणि देशातल्या नव्वद लाख मुलांच्या डोक्यात एकच गोष्ट भरतात, असं त्यात होतं. सो तायजीने स्वतः हायस्कूल अर्ध्यात सोडलं होतं. मोठ्या माणसांमध्ये मग आवई उठली की हे गाणं उलटं वाजवलं तर सैतानाचा आवाज ऐकू येतो. गाण्यात काय विचारलंय ते बाजूला राहिलं. पण त्या वेळी ऐकणारी मुलं आज तिथली आईबाप आहेत. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये सो तायजीच्या पंचवीस वर्षांच्या सोहळ्यात बीटीएसची मुलं सोलच्या मोठ्या स्टेडियमवर त्याच्याबरोबर उभी राहून तेच शाळेवरचं गाणं गायली. तेवीस वर्षं झाली होती, मधे एक अख्खी पिढी शाळेतून बाहेर पडली होती आणि प्रश्न तसाच होता.

आणखी एक गोष्ट, आणि मला ती समितीने नक्की ऐकावी असं वाटतं. सप्टेंबर २०१८ मध्ये आरएम न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात युनिसेफच्या कार्यक्रमात बोलला. तो म्हणाला की त्यांच्या सुरुवातीच्या एका अल्बममध्ये एक वाक्य आहे, नऊ-दहा वर्षांचा असताना माझं हृदय थांबलं. तेव्हापासून आपण दुसऱ्यांना आपल्याबद्दल काय वाटतं त्याच चष्म्यातून स्वतःकडे बघू लागलो, रात्री आकाशाकडे बघणं सोडलं, असं त्याने सांगितलं. ते वाक्य ज्या अल्बमचं आहे, त्याच अल्बममध्ये 'एन.ओ.' आहे. त्या अल्बमच्या नावाचा उच्चार 'ओ, आर यू लेट, टू?' असा, म्हणजे तुलाही उशीर झालाय का? संयुक्त राष्ट्रसंघाच्या सभागृहात जे चाललं ते आपल्या शाळेच्या मांडवात का चालू नये, हे मला कळत नाही.

एक गोष्ट माझ्या मनातही खटकते, ती लपवत नाही. हा सगळा गाण्याचा धंदा तिथे मोठा कठोर आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांना कंपन्या घेतात, वर्षानुवर्षं घासून घेतात, आणि त्यातल्या बहुतेकांना कधी स्टेज मिळत नाही. मुलींनी मला हे स्वतःहून सांगितलं. त्यांना ते माहीत आहे, आणि त्यावर त्या भांडतातही. आंधळेपणाने भाळलेल्या मुली असं बोलत नाहीत.

आता नाचाबद्दल. गाण्याच्या व्हिडिओत मुलं पांढऱ्या कपड्यांत, एका पांढऱ्याफटक वर्गात ओळीने बसलेली असतात, पहारेकरी असतात, मुलांना औषधासारख्या गोळ्या खायला दिल्या जातात आणि शेवटी ती उठतात. म्हणून पांढरे ड्रेस. पण बाकी नाच मुलींनी स्वतः बसवलाय. सात खुर्च्या आहेत. सुरुवातीला सातही जणी प्रेक्षकांकडे पाठ करून लिहीत बसतात. एक मुलगी उठते, तिला बाकीच्या ओढून बसवतात. तीनदा असं होतं. चौथ्यांदा तिच्या शेजारची उठून तिच्या बाजूला उभी राहते. त्यात कमरेचे हेलकावे नाहीत, अंगविक्षेप नाहीत. गेल्या तीन वर्षांत आपल्या गॅदरिंगला जी सिनेमातली गाणी लहान लहान मुलींनी केली, त्यांचे शब्द मी इथे लिहू शकत नाही. ती मराठीत किंवा हिंदीत होती, सगळ्यांना अर्थ कळत होता, आणि ती चालली. मला त्या मुलींना दोष द्यायचा नाही. पण अर्थाची कसोटी लावायची तर ती सगळ्यांना लावा. मी या गाण्याचा ओळी-दर-ओळी अर्थ द्यायला तयार आहे.

म्हणून माझी विनंती अशी. नाच यादीत परत घ्या. तो सुरू होण्यापूर्वी मुलींपैकी एक जण दोन मिनिटं मराठीत अर्थ वाचून दाखवेल. तो कागद तुम्ही आधी तपासा, पण त्यातला प्रश्न काढू नका. आणि नाच कार्यक्रमाच्या शेवटी ठेवू नका, जेव्हा पालक चपला शोधत निघालेले असतात. बक्षीस वितरणाच्या लगेच आधी ठेवा, सगळे जागेवर असतात तेव्हा. समितीतल्या सरांनी आणि बाईंनीही पुढच्या रांगेत बसावं. या मुलींना टाळ्यांची फारशी पडलेली नाही. आमची बसवलेली गोष्ट तुम्ही पूर्ण बघा, एवढंच त्या म्हणतात.

पालकांनाही एक सांगायचंय. या सातांपैकी दोघींच्या घरून मला फोन आले, की तुम्ही कशाला यात पडता, पोरी वाया जातील. त्या दोघी रोज सरावाआधी गच्चीच्या पायरीवर बसून गणिताचा गृहपाठ संपवतात, मी डोळ्यांनी बघते. एकीला भूमिती कळत नव्हती ती दुसरीने खडूने जमिनीवर काढून शिकवली. मित्राच्या खांद्यावर पाय देऊन पुढे जा, असं त्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही.

निर्णय घेण्याआधी एकदा नाच बघा, एवढं तरी करा. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या गच्चीवर सराव आहे. शाळेच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवर, जिना बाहेरून. सातही ड्रेस इस्त्री करून तयार आहेत. फक्त एका ड्रेसला बटण लावायचं राहिलंय, ती मुलगी उद्या माप द्यायला येणार आहे.

आपली नम्र,
नववीतल्या एका मुलीची आई